विंडोज किंवा लिनक्सची आयएसओ फाइल कुठून उतरवावी आणि कशी तपासावी

कळव्याच्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी २०१९ मध्ये घेतलेल्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली, म्हणून त्यांनी नवी एसएसडी बसवून घेतली. स्टेशनजवळचा एक दुकानदार ‘ॲक्टिव्हेट केलेले’ विंडोज मारून द्यायला तयार होता, पण ते त्यांना पटले नाही. त्यांनी घरच्या जुन्या डेस्कटॉपवर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण इन्स्टॉलेशन एकत्र बांधलेली एकच फाइल, दोनदा उतरवली, आणि दोन्ही वेळा इन्स्टॉलेशन मध्येच थांबून ‘आवश्यक मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ असा संदेश आला. दोष फाइलचा, पेन ड्राइव्हचा की लॅपटॉपचा, हे कसे ओळखावे, आणि विंडोज ११ न घेणाऱ्या त्या जुन्या डेस्कटॉपचे काय करावे, हे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

सर, नौपाडा ते वागळे इस्टेट या पट्ट्यात गेली बावीस वर्षे मी संगणक दुरुस्तीचे काम करतो. तुम्हाला आलेल्या संदेशाने माझ्याकडे येणारे बहुतेक लोक ड्रायव्हर, म्हणजे संगणकाचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम, शोधायला लागतात. प्रत्यक्षात त्या संदेशाचा अर्थ बहुधा एवढाच असतो की सेटअपला स्वतःच्याच फाइली नीट वाचता येत नाहीत. त्यामुळे आधी फाइलीकडे पाहावे, मग पेन ड्राइव्हकडे, आणि लॅपटॉपकडे सर्वांत शेवटी. फाइलीकडे पाहताना दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. पहिला, फाइल पूर्ण आणि जशीच्या तशी उतरली आहे का? दुसरा, ती खरोखर ज्याने बनवली त्याच्याचकडून आली आहे का? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले म्हणून दुसऱ्याचे ‘होय’ येतेच असे नाही, आणि ही गल्लत माझ्या व्यवसायातील अनुभवी माणसेही करतात.

दुकानदाराला तुम्ही नकार दिलात ते अगदी योग्य केले. त्याच्या पेन ड्राइव्हवरील विंडोज कुणीतरी उघडून, त्यात फेरफार करून पुन्हा बांधलेले असते. परवान्याची तपासणी बंद करणारा माणूस त्याच हाताने आणखी काय बंद करतो किंवा आत काय ठेवतो, हे तुम्हालाही कळत नाही आणि त्या दुकानदारालाही कळत नाही, कारण त्यालाही ती फाइल दुसऱ्या कुणाकडून मिळालेली असते. जून २०२३ मध्ये डॉक्टर वेब या रशियन अँटिव्हायरस कंपनीने विंडोज १० च्या अशाच काही चोरट्या आयएसओ फाइलींची माहिती प्रसिद्ध केली होती. त्यांतील घातक प्रोग्रॅम संगणक सुरू होण्यासाठी लागणाऱ्या, एरवी नजरेआड असणाऱ्या ईएफआय विभाजनात लपवला जात असे आणि क्लिपबोर्डवर कॉपी केलेला क्रिप्टो-पाकिटाचा पत्ता गुपचूप बदलत असे. तुमच्या लॅपटॉपवर शाळेच्या निकालपत्रिका असतील, बँकेचे व्यवहार होत असतील. त्याच्या पायाशी असे काही नको.

शिवाय तुम्हाला चोरट्या विंडोजची गरजच नाही. कारखान्यातून विंडोज घेऊन आलेल्या लॅपटॉपची उत्पादन-किल्ली विंडोज ८ च्या काळापासून मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्यावर कायम असणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्येच, लिहिलेली असते. तुम्ही डिस्क बदललीत, मदरबोर्ड तोच आहे. सेटअपने किल्ली मागितलीच, तर ‘माझ्याकडे किल्ली नाही’ हा पर्याय निवडून पुढे जावे, नंतर इंटरनेट जोडले की विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होते. अट एकच, की ‘होम’, ‘प्रो’ यांपैकी मूळचा प्रकार होता तोच बसला पाहिजे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या घरगुती लॅपटॉपवर बहुधा ‘होम सिंगल लँग्वेज’ असते. मोह पडून ‘प्रो’ निवडले, तर सगळे सुरळीत बसते, फक्त ॲक्टिव्हेट होत नाही, आणि माणूस पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढतो. ‘सिंगल लँग्वेज’ म्हणजे एकच भाषा, म्हणून फाइल उतरवतानाच भाषा विचारपूर्वक निवडावी. मायक्रोसॉफ्टच्या यादीत अमेरिकन इंग्रजी आणि आंतरराष्ट्रीय इंग्रजी या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. कोऱ्या डिस्कवर यांपैकी कोणतीही चालेल, पण चालू विंडोजवर फाइली राखून पुन्हा बसवायचे असेल तेव्हा आधीची भाषाच घ्यावी लागते.

लॅपटॉपमध्ये आठव्या किंवा पुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालते. २०१९ मध्ये काही ठिकाणी सातव्या पिढीचे लॅपटॉपही विकले जात होते आणि ते बहुतांशी यादीबाहेर आहेत, तेव्हा एवढे आधी पाहून घ्यावे. विंडोज ११ ला लागणाऱ्या टीपीएम २.० या सुरक्षा-सोयीची अट इंटेलच्या लॅपटॉपवर ‘पीटीटी’ नावाने पूर्ण होते, ते बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असेल तर सुरू करावे.

आता फाइल कुठून घ्यावी हे पाहू. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळाखेरीज दुसरे कोणतेही ठिकाण मी सांगणार नाही. शोधयंत्रात ‘विंडोज डाउनलोड’ असे टाइप केल्यावर सर्वांत वर येणाऱ्या जाहिराती सोडून द्याव्यात आणि पत्ता स्वतः टाइप करावा. त्या पानावर तीन वाटा आहेत. पहिली चालू संगणकाला जागच्या जागी पुढच्या आवृत्तीवर नेते, तुमच्या कोऱ्या एसएसडीला तिचा उपयोग नाही. दुसरी म्हणजे मीडिया क्रिएशन टूल हा छोटा प्रोग्रॅम. तो स्वतः फाइल उतरवतो, उतरलेली फाइल तपासतो आणि किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करून देतो. तिसरी वाट थेट आयएसओ फाइलची. हाताशी चालू विंडोज असलेल्याला मी मीडिया क्रिएशन टूलच सुचवतो, कारण चूक होण्याच्या जागा त्यात कमी आहेत. ज्यांना तीच फाइल अनेक संगणकांवर वापरायची आहे किंवा ज्यांच्याकडे फक्त लिनक्स अथवा मॅक आहे, त्यांनी आयएसओ घ्यावी.

थेट आयएसओचा दुवा तयार झाल्यापासून २४ तासच चालतो, आणि तुमच्या हॉटस्पॉटची अडचण मला इथेच दिसते. ही फाइल पाच जीबीहून मोठी आहे. आपल्याकडच्या बऱ्याच मोबाइल योजनांत दिवसाला दीड किंवा दोन जीबी वेगवान डेटा मिळतो आणि तो संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने पाच जीबी उतरायला सात दिवसांहून अधिक लागतील. तेवढ्या वेळात दुवा केव्हाच मेलेला असतो, ब्राउझर जोडणी सोडतो, आणि कधीकधी अर्धीच फाइल पूर्ण नावानिशी फोल्डरमध्ये पडून राहते. तीच फाइल ४० एमबीपीएसच्या घरगुती फायबरवर साधारण सतरा मिनिटांत येते. पावसाळ्यात रस्ता खोदताना केबल तुटली की आपल्या भागात दोन-दोन दिवस नेट नसते हे मी जाणतो. तरीही अशा वेळी शेजाऱ्यांकडे, नातेवाइकांकडे किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊन एका बैठकीत फाइल उतरवावी. तुकड्यातुकड्यांनी उतरवण्यापेक्षा तो एक फेरा स्वस्त पडतो.

फाइल उतरली की तिचा हॅश काढावा. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलीवर गणित करून काढलेला ठसा. एसएचए-२५६ पद्धतीने काढलेला हा ठसा ६४ चिन्हांचा असतो, त्यात शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे येतात. पाच जीबींपैकी एक बिट जरी बदलला, तरी जवळपास सगळीच चिन्हे बदलतात. विंडोज १० मध्ये पॉवरशेल ही आज्ञा टाइप करण्याची खिडकी उघडून ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करावी, एक जागा सोडून फाइल ओढून त्या खिडकीत टाकावी आणि एंटर दाबावे. आज्ञा वेगळे काही न सांगता एसएचए-२५६ च काढते. जुन्या डेस्कटॉपवर दोन-तीन मिनिटे लागतील. मायक्रोसॉफ्टच्या त्याच पानावर भाषेनुसार अधिकृत हॅशची यादी दिलेली असते; तिच्यातील आपल्या भाषेची ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये आपल्या हॅशच्या बरोबर खाली चिकटवावी. दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या की फरक डोळ्यांना लगेच दिसतो. केवळ पहिली चार आणि शेवटची चार चिन्हे पाहून समाधान मानू नये. इंग्रजी अक्षरे लहान की मोठी (कॅपिटल), हा फरक मात्र फरक धरायचा नाही.

कोपरखैरणेतील एका खाजगी शिकवणीत घडलेली एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण तुमच्या प्रकरणाशी ती फार जुळते. त्यांनीही तीन वेळा फाइल उतरवली होती आणि तिन्ही वेळा हॅश जुळत नव्हता. सगळा दोष नेटवर टाकून त्यांनी केबलवाल्याशी भांडणही उकरले होते. मी गेलो तेव्हा नवीन काहीच उतरवले नाही. आधीच उतरलेल्या एकाच फाइलीचा हॅश लागोपाठ तीनदा काढला. पहिल्या वेळी ओळ सातने सुरू झाली, दुसऱ्या वेळी डीने आणि तिसऱ्या वेळी पुन्हा काहीतरी निराळेच आले. फाइल डिस्कवर जागची हललेली नाही आणि तिचा ठसा मात्र दर वेळी वेगळा, याचा अर्थ फाइल वाचणारा संगणकच चुकतो आहे. रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्रॅम लावला, दहा मिनिटांत पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून बाजूला ठेवली आणि त्याच संगणकावर, त्याच नेटवरून उतरवलेली पुढची फाइल पहिल्याच फटक्यात जुळली.

तुम्हीही दोन्ही फाइली त्याच जुन्या डेस्कटॉपवर उतरवल्या आहेत. म्हणून एकाच फाइलीचा हॅश दोनदा काढा. दोन्ही वेळा तोच येऊन अधिकृत हॅशशी जुळत नसेल, तर उतरवण्यात खोट आहे. दोन वेळा दोन वेगवेगळे हॅश आले, तर डेस्कटॉपची रॅम तपासा आणि तोवर त्या संगणकावर तयार झालेल्या कोणत्याही पेन ड्राइव्हवर विश्वास ठेवू नका. दोन्ही वेळा जुळला, तर फाइल निर्दोष आहे आणि पेन ड्राइव्हकडे वळायला हरकत नाही.

आता दुसरा प्रश्न, फाइल खरी कुणाची हा. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराच्या संकेतस्थळात घुसखोरांनी शिरकाव केला आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीचा डाउनलोडचा दुवा बदलून स्वतःच्या, संगणकात गुपचूप शिरण्यासाठी मागचे दार ठेवलेल्या आयएसओकडे वळवला. त्या दिवशी तिथून फाइल घेणारे लोक अधिकृत पानावरच होते, पत्ता बरोबर होता, फाइलही पूर्ण उतरत होती. मिंटच्या चमूने दुसऱ्याच दिवशी हे स्वतः जाहीर केले, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. पण या घटनेतून घ्यायचे ते असे, की ज्याला दुवा बदलता येतो त्याला शेजारी छापलेला हॅशही बदलता येतो. अशा वेळी हॅश बिनचूक जुळेल आणि फाइल तरीही बनावट असेल.

यावर उपाय म्हणजे डिजिटल स्वाक्षरी. डेबियन, उबुंटू, मिंट हे लिनक्सचे प्रकल्प हॅशच्या यादीवर आपल्या गुप्त किल्लीने सही करतात आणि ती सही जीपीजी या प्रोग्रॅमने तपासता येते. गुप्त किल्ली संकेतस्थळाच्या सर्व्हरवर ठेवलेली नसते, त्यामुळे सर्व्हर फोडणाऱ्याला खोट्या यादीवर खरी सही करता येत नाही. सही तपासायला प्रकल्पाची जी जाहीर किल्ली लागते, तिचा ठसा मात्र एकाहून अधिक ठिकाणांवरून पडताळून घ्यावा. पहिल्यांदा हे किचकट वाटते, दुसऱ्या वेळी पाच मिनिटांत होते. जाता जाता एक सांगतो: एखाद्या जुन्या पानावर फक्त एमडी५ या जुन्या पद्धतीचा हॅश दिला असेल, तर तो अर्धवट फाइल ओळखण्यापुरताच धरावा. दोन वेगळ्या फाइलींना एकच एमडी५ देता येतो हे २००४ पासून आणि एसएचए-१ चेही तसेच करता येते हे २०१७ पासून सिद्ध झालेले आहे.

विंडोजच्या आयएसओसाठी अशी सही केलेली यादी सामान्य वापरकर्त्याला मिळत नाही. आयएसओ उघडून आतील सेटअप फाइलीच्या गुणधर्मांत मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही दिसते, पण ती त्या एका फाइलीपुरती असते. खरे विंडोज शेजारच्या मोठ्या फाइलीत असते आणि फेरफार करणारे नेमका तिथेच हात घालतात. म्हणून विंडोजच्या बाबतीत फाइल थेट मायक्रोसॉफ्टकडून घेणे आणि हॅश तिथल्याच यादीशी ताडून पाहणे, या दोन्ही गोष्टी एकत्र केलेल्या बऱ्या. कुणी मित्राने फाइल दिली तरी हॅश अधिकृत यादीशी जुळल्यास ती खुशाल वापरावी.

पेन ड्राइव्हविषयी. आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी केल्याने त्यावरून संगणक सुरू होत नाही, ती रुफस किंवा एचरसारख्या प्रोग्रॅमने लिहावी लागते. विंडोजसाठी रुफस वापरावा, लिनक्ससाठी दोन्ही चालतात. काही जण आयएसओ उघडून आतील फाइली हाताने एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर टाकतात. एफएटी३२ वर ४ जीबीहून मोठी एकही फाइल मावत नाही, आणि विंडोजच्या आयएसओमधील मुख्य फाइल आता त्याहून मोठी असते. बाकी सगळे कॉपी होते, ती एकच राहते, आणि सेटअप सुरू होऊन मध्येच थांबते. तुम्ही हा मार्ग घेतला असेल तर तुमचे उत्तर कदाचित इथेच सापडेल.

फुटपाथवर किंवा विक्रेत्याचा पत्ता नसलेल्या जाहिरातीतून घेतलेले मोठ्या क्षमतेचे स्वस्त पेन ड्राइव्ह तर टाळावेतच. आत ८ जीबीची चिप असते आणि बाहेर छापलेला आकडा कितीतरी मोठा असतो. अशा ड्राइव्हवर लिहिताना कोणतीही तक्रार येत नाही, वाचताना मात्र मागचा भाग रिकामा निघतो. एचटूटेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्रॅम पूर्ण ड्राइव्ह भरून पुन्हा वाचून पाहतो आणि खरी क्षमता सांगतो. चांगल्या कंपनीचा १६ जीबीचा ड्राइव्ह या कामाला पुरेसा आहे. लॅपटॉपला तो लावताना हब किंवा लांब वायर मध्ये घालू नये, आणि तोच संदेश पुन्हा आल्यास दुसऱ्या यूएसबी खाचेत, शक्यतो जुन्या २.० च्या, लावून पाहावा.

एवढे करूनही सेटअपला एसएसडी दिसलीच नाही, तर मात्र खरोखरच ड्रायव्हरची गोष्ट असू शकते. बायोसमध्ये डिस्कची पद्धत ‘रेड’ किंवा ‘ऑप्टेन’ ठेवलेली असेल, तर विंडोजच्या सेटअपला इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्या मॉडेलच्याच पानावरून घ्यावा आणि त्याच पेन ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा. तुमची डिस्क कोरी आहे, त्यामुळे बायोसमध्ये ‘एएचसीआय’ निवडणे हा सोपा मार्गही खुला आहे. सेटअप चालू करण्यापूर्वी बॅकअपची बाहेरची डिस्क लावलेली असेल तर ती काढून ठेवावी. घाईत चुकीची डिस्क पुसली गेल्याचे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

जुन्या डेस्कटॉपबद्दल माझे मत स्पष्ट आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठीच्या वाढीव सुरक्षा अद्यतनांची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. रुफसमधून अटी वगळून विंडोज ११ बसवता येते, पण पुढच्या अद्यतनांची हमी कुणी देत नाही, म्हणून मी ते लोकांच्या कामाच्या संगणकावर करत नाही. रॅम निर्दोष असेल आणि प्रोसेसर ६४ बिटचा असेल, तर त्यावर लिनक्स मिंट किंवा डेबियन उत्तम चालेल. डेबियनची ‘नेटइन्स्ट’ फाइल एक जीबीहून लहान असते, मात्र उरलेले सगळे ती इन्स्टॉलेशनच्या वेळी नेटवरून ओढते. म्हणजे खंडित नेट असलेल्या घरात ती लहान दिसूनही गैरसोयीची ठरते, तिथे मिंटची पूर्ण फाइल टॉरेंटने, म्हणजे अनेक संगणकांकडून तुकड्यातुकड्यांनी घेण्याच्या पद्धतीने, उतरवावी. टॉरेंट हा शब्द चोरीच्या चित्रपटांमुळे बदनाम झाला आहे. पण हे प्रकल्प स्वतःच अधिकृत टॉरेंट देतात, आणि त्यात प्रत्येक तुकडा तपासून घेतला जातो व काम थांबल्या जागेवरून पुढे सुरू होते. तुमच्या हॉटस्पॉटसाठी हीच सोय हवी होती. मराठी युनिकोड टंकलेखन, इनस्क्रिप्टसह, लिनक्सवर व्यवस्थित होते. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका असतील, तर त्या कामाचे सॉफ्टवेअर बहुधा फक्त विंडोजवर चालते, म्हणून ते काम लॅपटॉपवर ठेवा.

आज संध्याकाळी नवीन काहीही उतरवू नका. आधीची दुसरी फाइल अजून असेल तर तिचा हॅश दोनदा काढा आणि दोन्ही ओळी लिहून ठेवा. त्या अधिकृत हॅशशी जुळल्या आणि तरीही नव्याने लिहिलेल्या पेन ड्राइव्हवरून सेटअप थांबले, तर कोणत्या पडद्यावर, किती टक्क्यांवर थांबले आणि कोणता त्रुटी-क्रमांक आला, याचा मोबाइलने फोटो काढून मला पाठवा, म्हणजे पुढचे नेमके सांगता येईल.